डॅनियल बून : वाट पाडणारा भूमिहीन

अमेरिकेतील केंटकी राज्याने १७९८ साली आपल्या एका नव्या कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, डॅनियल बून याचे नाव दिले. त्याच वर्षी त्याच राज्यात, न्यायालयाचे समन्स मिळूनही हजर न राहिल्याबद्दल, त्याच बूनच्या अटकेचे वॉरंट निघाले. प्रकरण जमिनीच्या वादाचे होते. ॲपलाचियन पर्वतरांगेतून पश्चिमेकडे जाणारी वाट ज्याने लाखो वसाहतकऱ्यांसाठी खुली केली, त्याच्या स्वतःच्या पदरात त्या मुलखातील जमीन मात्र टिकली नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या ६४व्या वर्षी, तो कुटुंबकबिला घेऊन केंटकीतून कायमचा निघून गेला.

शूर शिकारी, जंगलाचा राजा, अमेरिकी संस्कृतीचा अग्रदूत अशा अनेक रूपांत बूनला दोन शतके रंगवले गेले. त्याचे प्रत्यक्ष आयुष्य या चित्रांपेक्षा अधिक गुंतागुंतीचे होते. जमीन कोणाची, ती कोणी कोणाला विकली आणि कागदावर कोणाचे नाव चढले, या तीन प्रश्नांभोवती ते फिरत राहिले.

क्वेकर घरातला शिकारी

बूनचा जन्म २ नोव्हेंबर १७३४ रोजी पेनसिल्व्हेनिया वसाहतीत, आजच्या रेडिंग शहराजवळ झाला. वडील स्क्वायर बून इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातून आलेले विणकर, आई सारा मॉर्गन वेल्श वंशाची. अकरा भावंडांत डॅनियल सहावा. घराणे क्वेकर पंथाचे होते. परंतु मुलांनी पंथाबाहेर विवाह केल्यावरून वडिलांचे पंथाशी बिनसले आणि त्यांना बहिष्कृत करण्यात आले. १७५०च्या सुमारास हे कुटुंब दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्यात स्थायिक झाले.

डॅनियलचे शालेय शिक्षण नगण्य होते. त्याच्या पत्रांतील शुद्धलेखन अखेरपर्यंत कच्चेच राहिले. तरी तो निरक्षर होता ही समजूत चुकीची आहे. शिकारीच्या मोहिमेवर तो पुस्तके बरोबर नेत असे. १७७०च्या हिवाळ्यात त्याच्या तळावर जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चे वाचन चालू होते. त्यातील एका काल्पनिक नगराच्या नावावरून सोबत्यांनी जवळच्या ओढ्याला ‘लुलबेग्रड’ हे नाव दिले. केंटकीच्या नकाशावर ते आजही आहे.

१७५५ साली ब्रिटिश सेनापती ब्रॅडक याच्या फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत बून गाडीवान म्हणून सामील झाला. मोनोंगहेला नदीकाठी त्या सैन्याचा दारुण पराभव झाला आणि बून कसाबसा निसटला. याच मोहिमेत त्याची गाठ जॉन फिनले या व्यापाऱ्याशी पडली. डोंगरापलीकडच्या केंटकीत शॉनी जमातीशी व्यापार करून आलेल्या फिनलेने तेथील कुरणांची आणि रानगव्यांच्या कळपांची वर्णने ऐकवली. पुढच्या वर्षी, १७५६ साली, बूनने रेबेका ब्रायनशी विवाह केला. या दांपत्याला दहा मुले झाली. शेतीत बूनचे मन फारसे रमले नाही. हरणांची कातडी आणि बीव्हरची लोकर विकून तो घर चालवी. त्यासाठी तो महिनोन् महिने जंगलात असे आणि शेत, गुरे व मुले यांचा भार रेबेका वाही.

डोंगरापलीकडचा मुलूख

ॲपलाचियन रांगेच्या पश्चिमेला वसाहतकऱ्यांनी जाऊ नये, असा जाहीरनामा ब्रिटिश राजाने १७६३ साली काढला होता. मूळ जमातींशी सततचे युद्ध टाळणे हा त्यामागील हेतू. सरहद्दीवरील लोकांनी तो फारसा मानला नाही. १७६७ साली बून केंटकीच्या पूर्व भागात पोहोचला. १ मे १७६९ रोजी फिनलेसह पाच सोबती घेऊन तो पुन्हा निघाला आणि कंबरलंड खिंडीतून केंटकीच्या अंतर्भागात शिरला. आजच्या केंटकी, व्हर्जिनिया आणि टेनेसी या तीन राज्यांच्या सीमेवरची ही खिंड बूनने शोधली असे सांगितले जाते. वास्तविक हा मूळ जमातींच्या पायाखालचा जुना मार्ग होता आणि व्हर्जिनियाचा डॉ. थॉमस वॉकर १७५० सालीच तेथून गेला होता.

बून पुढची दोन वर्षे केंटकीत फिरला. त्यातील काही महिने त्याने एकट्याने काढले. डिसेंबर १७६९ मध्ये शॉनी शिकाऱ्यांनी त्याला पकडले, साठवलेली सर्व कातडी जप्त केली आणि पुन्हा येऊ नकोस असे बजावून सोडून दिले. त्यांच्या दृष्टीने हा चोरटी शिकार करणारा परका होता. केंटकी हा निर्जन प्रदेश होता, हे नंतरच्या पुस्तकांनी रूढ केलेले चित्र खरे नाही. लुलबेग्रड ओढ्याच्याच परिसरात १७५०च्या दशकापर्यंत शॉनींचे एस्किपाकिथिकी हे गाव नांदत होते. फिनलेचा व्यापार चालला तो याच गावाशी.

सप्टेंबर १७७३ मध्ये बूनने आपल्या आणि इतर काही कुटुंबांतील सुमारे ५० जणांसह केंटकीत वसाहत करण्याचा प्रयत्न केला. १० ऑक्टोबर रोजी वाटेत डेलावेअर, शॉनी आणि चेरोकी योद्ध्यांनी मागे राहिलेल्या एका तुकडीवर हल्ला केला. त्यात बूनचा थोरला मुलगा जेम्स याला हाल करून मारण्यात आले. तांडा माघारी फिरला. वसाहतकऱ्यांना जो मुलूख मोकळा वाटत होता, तो सोडण्यास त्याचे रहिवासी तयार नव्हते, हे या घटनेने स्पष्ट केले.

दोन कोटी एकरांचा सौदा

१७७४च्या युद्धात व्हर्जिनियाने शॉनींचा पराभव केला. त्यापाठोपाठ नॉर्थ कॅरोलिनातील न्यायाधीश व जमीन सट्टेबाज रिचर्ड हेंडरसन याने ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीच्या नावाने मोठा डाव टाकला. मार्च १७७५ मध्ये सिकमोर शोल्स येथे चेरोकी पुढाऱ्यांशी करार करून त्याने सुमारे दोन कोटी एकर प्रदेश १० हजार पौंड किमतीच्या मालाच्या बदल्यात खरेदी केला. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी पुढाऱ्याने कराराला कडाडून विरोध केला. या भूमीवर हक्क सांगणाऱ्या शॉनींना कोणी विचारलेच नाही. शिवाय अशी खासगी खरेदी ब्रिटिश आणि व्हर्जिनिया या दोघांच्याही कायद्याने अवैध होती.

हेंडरसनने वाट पाडण्याचे काम बूनकडे सोपवले. करार पूर्ण होण्यापूर्वीच, १० मार्च १७७५ रोजी, सुमारे ३० कुऱ्हाडवाले घेऊन तो निघाला. जुन्या पायवाटा आणि रानगव्यांच्या वाटा जोडत, झाडेझुडपे तोडत या तुकडीने सुमारे २०० मैलांचा मार्ग मोकळा केला. हाच ‘वाइल्डरनेस रोड’. आरंभी तेथून घोडे आणि माणसेच जाऊ शकत. गाड्यांजोगा रस्ता १७९६ साली झाला. मार्च अखेरीस शॉनींनी केलेल्या हल्ल्यात तुकडीतील जे दोघे ठार झाले, त्यांपैकी एक सॅम नावाचा गुलाम होता. एप्रिलमध्ये केंटकी नदीच्या काठी बून्सबरो या ठाण्याची उभारणी सुरू झाली.

जुलै १७७६ मध्ये बूनची मुलगी जमायमा आणि कॅलवे घराण्यातील दोन मुलींना नदीवर होडीत असताना शॉनी व चेरोकी योद्ध्यांनी पळवून नेले. मुलींनी वाटेत फांद्या मोडून आणि कपड्यांच्या चिंध्या टाकून खुणा ठेवल्या. बूनने माग काढत दोन दिवसांत त्यांची सुटका केली. पुढे जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ या १८२६ सालच्या कादंबरीत या घटनेचे पडसाद उमटले.

कैद, दत्तकविधान आणि खटला

स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी शॉनींना वसाहतींविरुद्ध साथ दिली. मांस टिकवण्यासाठी मिठाची गरज होती. फेब्रुवारी १७७८ मध्ये बून्सबरोची माणसे ब्लू लिक्स येथील खाऱ्या झऱ्यांवर मीठ आटवत असताना, अन्नासाठी शिकारीला गेलेला बून शॉनी प्रमुख ब्लॅकफिश याच्या हाती सापडला. शॉनींचा मोर्चा बून्सबरोवर होता आणि ठाण्याचा तट तेव्हा अपुरा होता. थंडीत बायकामुलांना नेता येणार नाही, वसंतात आपणच ठाणे शरण आणू, असे ब्लॅकफिशला पटवून बूनने मिठागरावरील आपल्या सुमारे २७ सोबत्यांना शस्त्रे खाली ठेवायला लावली. ठाणे वाचले, पण माणसे कैदेत गेली.

ब्लॅकफिशने बूनला मुलगा म्हणून दत्तक घेतले आणि त्याचे नाव ‘शेल्टोवी’, म्हणजे मोठे कासव, असे ठेवले. युद्धात गमावलेल्या आप्ताच्या जागी कैद्याला घरात घेणे ही शॉनींची रीत होती. बून चार महिने त्यांच्यात राहिला. बून्सबरोवर चढाईची तयारी होत असल्याचे कळताच १६ जूनला तो निसटला आणि १६० मैलांचे अंतर चार दिवसांत कापून ठाण्यावर पोहोचला. तो मेला असे समजून रेबेका मुलांसह नॉर्थ कॅरोलिनाला परतली होती.

सप्टेंबरमध्ये ब्लॅकफिश चारशेहून अधिक योद्धे घेऊन आला. वेढा सुमारे दहा दिवस चालला. तटाखालून खणलेले भुयार पावसाने ढासळले आणि शॉनींनी वेढा उठवला. विजयानंतर बूनच्या वाट्याला लष्करी न्यायालयाची चौकशी आली. मिठागरावरील माणसे शत्रूच्या हवाली केली, ब्रिटिशांशी संधान बांधले, असे आरोप त्याच्याच सहकाऱ्यांनी ठेवले. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून बढती दिली. परंतु हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला आणि नंतर तो बून्सबरोत फार काळ राहिला नाही.

१९ ऑगस्ट १७८२ रोजी त्याच ब्लू लिक्सजवळ केंटकीच्या तुकडीने ब्रिटिश व मूळ जमातींच्या संयुक्त फौजेचा पाठलाग केला. पुढे दबा धरला असावा, हा बूनचा इशारा उतावळ्या सहकाऱ्यांनी धुडकावला. सुमारे ७० केंटकीवासी मारले गेले. त्यांत बूनचा मुलगा इझ्रायल होता. यॉर्कटाउनला ब्रिटिश सेना शरण आल्याला तेव्हा दहा महिने झाले होते.

मोजणी आणि हद्द

बंदुकीच्या लढाईत तगून राहिलेला बून कागदाच्या लढाईत हरला. १७७८ साली व्हर्जिनियाने ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीची खरेदी रद्द केली. हेंडरसन आणि भागीदारांना भरपाई म्हणून दोन लाख एकर जमीन मिळाली. वाट पाडण्याबद्दल कंपनीने बूनला देऊ केलेली २ हजार एकर जमीन मात्र हवेत विरली.

१७७९च्या नव्या कायद्यानुसार जमीन मिळवण्यासाठी आधी वॉरंट विकत घ्यावे लागे, मग जागा नोंदवावी लागे, मोजणी करून घ्यावी लागे आणि शेवटी सनद हाती येई. सरकारने एकसंध मोजणी केलेली नव्हती. अमुक ओढ्याच्या मुखापासून तमुक ओकच्या झाडापर्यंत, अशा खुणांनी हद्दी ठरत. झाड पडले की हद्द पुसट होई. छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले दावे सर्वत्र उभे राहिले आणि खटल्यांना ऊत आला. ज्याच्याजवळ वकिलाला देण्यासाठी पैसा आणि तग धरण्यासाठी वेळ होता, त्याची जमीन टिकली.

बूनजवळ दोन्ही नव्हते. १७८० साली वॉरंट खरेदीसाठी स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे मिळून सुमारे २० हजार डॉलर घेऊन तो व्हर्जिनियाला निघाला असता, वाटेतील मुक्कामात झोपेत असताना ती रक्कम चोरीस गेली. काहींनी त्याला माफ केले, काहींनी परतफेड मागितली. पुढे त्याने खानावळ चालवली, घोडे विकले, जमिनीचे व्यवहार केले आणि मोजणीदार म्हणून शेकडो भूखंड मोजले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळावरही तो निवडून गेला. मात्र त्याच्या मोजण्या काटेकोर नसत. नोंदी वेळेवर पुऱ्या होत नसत. परिणामी स्वतःचे हजारो एकरांवरचे दावे रद्द झालेच, शिवाय ज्यांच्यासाठी मोजणी केली होती त्यांनीही त्याला न्यायालयात खेचले. सज्जनपणाइतकाच त्याचा गैरहिशेबीपणाही या ऱ्हासाला कारणीभूत होता.

या व्यवहारांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १७८७ साली बूनच्या मालकीचे सात गुलाम होते. १७९०च्या जनगणनेत केंटकीची लोकसंख्या ७३ हजारांवर होती आणि त्यातील सुमारे १२ हजार माणसे गुलामीत होती. बून्सबरोच्या तटामागे बंदुकीची दारू तयार करणारा मंक एस्टिल हाही गुलामच होता. त्याला पुढे त्याच्या शौर्याबद्दल मुक्त करण्यात आले. वाइल्डरनेस रोडने स्वातंत्र्याच्या शोधातील माणसे पश्चिमेला गेली, हे वाक्य या सर्वांना लागू पडत नाही.

आख्यायिकेचा जन्म

बूनला जगप्रसिद्ध केले ते जॉन फिल्सन या शिक्षक व मोजणीदाराने. १७८४ साली त्याने केंटकीच्या शोधाविषयी व वसाहतीविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि परिशिष्ट म्हणून बूनचे ‘आत्मकथन’ जोडले. घटना बूनने सांगितलेल्या, पण निसर्गाच्या चिंतनात रमणारी अलंकारिक भाषा फिल्सनची. पुस्तकाचे फ्रेंच व जर्मन अनुवाद झाले. युरोपला त्यात निसर्गाच्या सान्निध्यातील निष्पाप मनुष्य सापडला. लॉर्ड बायरनने ‘डॉन जुआन’ या काव्यात त्याचा गौरव केला. फिल्सनच्या स्वतःच्या नावावरही केंटकीत हजारो एकरांचे दावे होते. वसाहतकरी आले तरच त्यांना किंमत येणार होती. बूनची आख्यायिका अशा रीतीने जमिनीची जाहिरात म्हणूनही जन्माला आली.

जाहिरात असो वा नसो, ओघ प्रचंड होता. १७७५ ते १८१० या काळात वाइल्डरनेस रोडने दोन ते तीन लाख लोक पश्चिमेकडे गेले असा अंदाज आहे. १ जून १७९२ रोजी केंटकी हे अमेरिकेचे १५वे राज्य झाले. १८०० साली त्याची लोकसंख्या दोन लाख २० हजारांवर पोहोचली.

मिसूरीतील अखेर

१७९९ साली बून मिसिसिपी नदीपलीकडे, तेव्हाच्या स्पॅनिश अमलाखालील मिसूरीत गेला. स्पेनला तेथे वसाहतकरी हवेच होते. त्याला एक हजार आर्पां, म्हणजे सुमारे ८५० एकर जमीन मिळाली आणि स्थानिक न्यायनिवाड्याचे अधिकारही देण्यात आले. निवाडा तो झाडाखाली बसून, कायद्याच्या पुस्तकांपेक्षा व्यवहारबुद्धीने करी असे सांगतात. परंतु १८०३ साली अमेरिकेने लुइझियाना प्रदेश विकत घेतला आणि जुन्या कागदपत्रांची छाननी सुरू झाली. बूनने नियमानुसार पुरी लागवड केली नव्हती, त्याची सनदही पक्की नव्हती. १८०९ साली त्याचा दावा फेटाळला गेला. त्याने काँग्रेसकडे अर्ज केला. १८१४ साली काँग्रेसने त्याला एक हजार आर्पां जमीन बहाल केली. त्यातील बहुतेक जमीन विकून त्याने केंटकीतील जुनी देणी फेडली. रेबेका त्यापूर्वीच, मार्च १८१३ मध्ये, वारली होती.

मिसूरीत काही शॉनी कुटुंबेही येऊन राहिली होती. त्यांतील जुन्या परिचितांशी बूनच्या भेटीगाठी होत, असे चरित्रकार नमूद करतात. एका अर्थाने दोन्ही पक्ष एकाच लोंढ्याने पश्चिमेकडे ढकलले गेले होते. फरक एवढाच की, बूनला काँग्रेसकडे दाद मागता आली. शॉनींना पुढे पुन्हा पुन्हा हटवण्यात आले. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या त्यांच्या तिन्ही संस्थांची मुख्यालये आज ओक्लाहोमात आहेत.

२६ सप्टेंबर १८२० रोजी मुलगा नेथन याच्या दगडी घरात, वयाच्या ८५व्या वर्षी बूनचे निधन झाले. त्याच वर्षी चेस्टर हार्डिंग या चित्रकाराने त्याला समोर बसवून व्यक्तिचित्र काढले होते. बून हयात असताना प्रत्यक्ष पाहून काढलेले हे एकमेव चित्र मानले जाते.

टोपी, पुतळे आणि हाडे

एकोणिसाव्या शतकाने आपल्या गरजेनुसार बून घडवला. वॉशिंग्टनमधील संसद भवनात १८२०च्या दशकात बसवलेल्या शिल्पात तो मूळ जमातीच्या योद्ध्याशी हातघाईची लढाई करताना दिसतो. जॉर्ज केलब बिंगहॅमच्या १८५१-५२मधील प्रसिद्ध चित्रात तो कंबरलंड खिंडीतून वसाहतकऱ्यांना प्रकाशाकडे नेतो. विसाव्या शतकात १९६४ ते १९७० या काळात चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याच्या डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी चढवली. ती भूमिका करणाऱ्या फेस पार्करने आधी डेव्ही क्रॉकेटही साकारला होता आणि ती टोपी तेथूनच आली. खरा बून फेल्टची टोपी घाली. आपल्याविषयीच्या अतिरंजित कथांची त्याला चीड होती आणि आपण जी माणसे मारली त्यांचा आकडा मिरवण्याचा त्याने कधी प्रयत्न केला नाही.

१९६६ साली केंटकीतील एका राष्ट्रीय वनाला त्याचे नाव देण्यात आले. मात्र त्याच्या मृतदेहाचाही वाद मिटलेला नाही. १८४५ साली केंटकीने मिसूरीतील दफनभूमीतून बून आणि रेबेका यांचे अवशेष आणून फ्रँकफर्ट या राजधानीत समारंभपूर्वक पुरले. चुकीची कबर खणली गेली, बून आजही मिसूरीतच आहे, असा तेथील लोकांचा दावा आहे. पुनर्दफनाच्या वेळी कवटीचा प्लास्टरचा साचा घेण्यात आला होता. १९८३ साली केंटकीतील एका न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञाने तो तपासला आणि ही कवटी आफ्रिकी वंशाच्या माणसाची असू शकेल असे मत मांडले. साचा ओबडधोबड असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे इतर तज्ज्ञांचे म्हणणे आहे. त्या मिसूरीतील दफनभूमीत गुलामांनाही पुरले जात असे.

आज दोन राज्ये डॅनियल बूनच्या दोन कबरी दाखवतात आणि दोन्हींवर स्मारके आहेत. हयातीत ज्या केंटकीने त्याला एक भूखंडही टिकवू दिला नाही, ती राजधानीतील त्याच्या थडग्यावरचा हक्क सोडायला तयार नाही.